इंग्रजीची भीती आणि तिचा उपाय

वसंत व्याख्यानमालेचे दिवस आणि परीक्षांच्या निकालाची वाट पाहण्याचे दिवस बहुधा एकच असतात. सभामंडपात मागच्या बाजूला जी तरुण मंडळी बसलेली दिसतात, त्यांच्या मनात वक्त्याच्या विषयापेक्षा आपल्या गुणपत्रिकेचा विचार अधिक घोळत असतो. आणि त्या गुणपत्रिकेतही एका विषयाचा विशेष. तो विषय म्हणजे इंग्रजी. म्हणून त्या विषयाचाच येथे विचार करावा असे आम्ही योजले आहे. इंग्रजीची थोरवी गाणे किंवा तिच्या नावाने बोटे मोडणे, या दोन्ही गोष्टी आजवर पुष्कळ झाल्या आहेत. आमचा प्रश्न त्याहून लहान आहे. मराठी विद्यार्थ्याने इंग्रजी वाक्य ओळखावे कसे, वाचावे कसे आणि पाच-सहा वाक्यांचा एक परिच्छेद लिहावा कसा, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

या विचाराला निमित्त झाले ते असे. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या अखेरीस एक विद्यार्थी आमच्याकडे आला. दहावीपर्यंतचे त्याचे शिक्षण गावी मराठीतून झालेले, गणितात गुण उत्तम, आणि म्हणून मोठ्या आशेने अकरावीला विज्ञान शाखा घेतलेली. तीन महिन्यांत तो पुरता खचला होता. शाखा बदलून मिळावी असा अर्ज त्याला करायचा होता, आणि तो अर्ज इंग्रजीत लिहून द्यावा अशी त्याची आम्हाला विनंती होती. आम्ही त्याला त्याचे पदार्थविज्ञानाचे पुस्तक आणायला सांगितले आणि कोठे अडते ते दाखवावयास सांगितले. त्याने बोट ठेवले ते वाक्य असे होते: ‘द फोर्स दॅट द अर्थ एक्झर्ट्स ऑन द मून कीप्स इट इन इट्स ऑर्बिट.’ यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याने समासात पेन्सिलीने लिहून ठेवला होता. तरीही चंद्र कोणाला तरी कक्षेत ठेवतो, एवढाच त्याचा बोध. आणि तो चुकीचा आहे हे त्याला स्वतःलाच कळत होते. मग आम्ही मराठीत विचारले, चंद्र पृथ्वीभोवती का फिरतो? त्याने गुरुत्वाकर्षणाची सारी हकीकत नीट सांगितली. म्हणजे विषय त्याला कळत होता. अडला होता तो वाक्यापाशी. शब्द ठाऊक असूनही वाक्य का कळू नये, या एका प्रश्नात सगळे मर्म आहे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे दहावीच्या उंबरठ्यावरील मुलाने ही भाषा दहा वर्षे पाहिलेली असते. दहा वर्षांत शब्द जमतात, नियम पाठ होतात, रिकाम्या जागाही भरता येतात. पण इंग्रजी वाक्य आणि मराठी वाक्य यांची घडण मुळातच निराळी आहे, आणि ती कोठे निराळी आहे, हे मात्र त्याला कोणी क्वचितच सांगितलेले असते.

वास्तविक मराठी मुलाला इंग्रजी व्याकरण अगदी परके वाटण्याचे कारण नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाची पद्धत त्यांच्यासमोर होती. आपण शाळेत नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद आणि पुढची चार अव्यये अशा ज्या आठ शब्दजाती शिकतो, त्यांना इंग्रजीत जवळजवळ एकास एक अशी जोड आहे. आपली स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह ही विरामचिन्हेदेखील मेजर कँडी यांच्या खटपटीने मराठीत रुळली. तेव्हा ज्याने मराठीचे व्याकरण मन लावून केले आहे त्याचे निम्मे काम झालेले आहे. उरलेले निम्मे म्हणजे फरकाचे. त्यांतील मुख्य फरक आपण क्रमाने पाहू.

पहिला आणि सर्वांत मोठा फरक जागेचा. ‘वाघाने माणसाला मारले’ हे वाक्य उलटून ‘माणसाला वाघाने मारले’ असे म्हटले तरी मेला तो माणूसच. याचे कारण, कोणी मारले आणि कोणाला मारले हे सांगण्याचे काम मराठीत ‘ने’ आणि ‘ला’ हे प्रत्यय करतात. शब्द कोठेही बसला तरी आपली ओळख अंगावर बाळगून असतो. इंग्रजीत नामांना असे प्रत्यय नाहीत. ‘द टायगर किल्ड द मॅन’ यात वाघाने माणूस मारला. ‘द मॅन किल्ड द टायगर’ म्हणताच माणसाने वाघ मारला. शब्द तेच, फक्त जागा बदलली आणि मेलेला जिवंत झाला! इंग्रजी शब्दाची ओळख त्याच्या जागेवरून पटते. क्रियापदाच्या आधी बसेल तो कर्ता, नंतर बसेल ते कर्म. पंगतीत पान कोठे मांडले आहे त्यावरून माणसाचे नाते ओळखावे, तसा हा प्रकार आहे. मराठीत क्रियापद शेवटी येते, इंग्रजीत ते मध्ये येते, कर्ता आणि कर्म यांच्यामध्ये खांबासारखे उभे राहते. साध्या विधानाची ही एक गोष्ट मनात पक्की ठसली की निम्मा गोंधळ ओसरतो.

दुसरा फरक कर्त्याचा. मराठीत ‘आलोच’ किंवा ‘जेवलास का?’ एवढे म्हटले की भागते; कर्ता क्रियापदाच्या रूपातच लपलेला असतो. इंग्रजी विधानाला कर्ता उघडपणे लागतो. खरा नसेल तर नावापुरता उभा करावा लागतो. ‘पाऊस पडतो आहे’ याला इंग्रजीत ‘इट इज रेनिंग’ म्हणतात. हा ‘इट’ कोण, असे विचारू नये. रिकामी जागा भरण्यासाठी तो आला आहे. याच्याच जोडीला आणखी एक अडचण आहे. मराठीत पुष्कळ गोष्टी आपल्याकडे चालून येतात: मला भूक लागते, मला राग येतो, मला इंग्रजी येते. यांतील ‘मला’ शब्दशः उचलून विद्यार्थी ‘टु मी इंग्लिश कम्स’ असे काहीतरी लिहितो. इंग्रजीत या वाक्यांत माणूसच कर्ता होतो: ‘आय ॲम हंग्री’, ‘आय ॲम अँग्री’, ‘आय नो इंग्लिश’. म्हणून भाषांतर करण्यापूर्वी ‘या वाक्यात कोणाविषयी बोलणे चालले आहे?’ असे स्वतःला विचारावे आणि तो शब्द प्रथम मांडावा.

तिसरी गोष्ट क्रियापदाची. येथे इंग्रजी आपल्याहून पुष्कळ सोपी आहे, हे ऐकून विद्यार्थ्यांना नवल वाटते. मराठीत ‘तो जातो, ती जाते, ते जातात, तो गेला, ती गेली, त्या गेल्या’ अशी लिंगवचनांची केवढी रूपे! इंग्रजी ‘गो’ची एकंदर रूपे पाच: गो, गोज, वेंट, गॉन, गोइंग. जी मुले जाणे या धातूची इतकी रूपे लीलया बोलतात त्यांना पाच रूपांची धास्ती का वाटावी? पथ्ये थोडीच आहेत. वर्तमानकाळात ‘ही’, ‘शी’ किंवा ‘इट’ कर्ता असेल तर साध्या क्रियापदाला ‘स’ लागतो: ‘ही गोज’. नकार किंवा प्रश्न करताना ‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ यांपैकी एक मदतीला येतो, आणि काळाचे ओझे तोच उचलतो. मूळ क्रियापद मोकळे राहते. म्हणून ‘ही डिडन्ट वेंट’ चूक आणि ‘ही डिडन्ट गो’ बरोबर. एकच ओझे दोघांच्या डोक्यावर कशाला द्यायचे? आणखी एक चूक मराठीतूनच येते. ‘मी त्याला काल पाहिले आहे’ हे मराठीत खपते, म्हणून ‘आय हॅव सीन हिम येस्टरडे’ असे लिहिले जाते. इंग्रजीत काल, परवा, गेल्या वर्षी अशी संपून गेलेली वेळ सांगितली की ‘हॅव’ बाजूला होतो: ‘आय सॉ हिम येस्टरडे’.

चौथी गोष्ट ‘अ’, ‘ॲन’ आणि ‘द’ या तीन चिमुकल्या उपपदांची. मराठीत उपपदे नाहीत, म्हणून ही मुलांना सर्वांत जाचक वाटतात. पण त्यांचा मुख्य नियम आपल्या आजीच्या गोष्टीतच आहे. आजी म्हणते, ‘एका गावात एक म्हातारी राहात होती. त्या म्हातारीला एक मुलगा होता.’ प्रथम ओळख करून देताना ‘एक’, ओळख झाल्यावर ‘त्या’. इंग्रजीतही तसेच: प्रथम ‘ॲन ओल्ड वुमन’, मग ‘द ओल्ड वुमन’. ऐकणाऱ्याला कोणती वस्तू ते ठाऊक असेल तेथे ‘द’. नसेल आणि वस्तू एक असेल तर ‘अ’ किंवा ‘ॲन’. सूर्य-चंद्र सर्वांच्याच ओळखीचे, म्हणून त्यांना पहिल्यापासून ‘द’. ‘ॲन’ कोठे वापरावा ते कानाला विचारावे, डोळ्याला नव्हे. पुढील शब्दाचा उच्चार स्वराने सुरू होत असेल तर ‘ॲन’: ‘ॲन अवर’, पण ‘अ युनिव्हर्सिटी’, कारण तेथे उच्चार ‘य’ने सुरू होतो. अपवाद आणखी आहेत. ते वाचता वाचता कळतील. पण आजीची गोष्ट विसरू नये.

पाचवी गोष्ट शब्दयोगी अव्ययांची. आपले शब्दयोगी नामाच्या मागे चालते, इंग्रजीतले पुढे: ‘झाडाखाली’ आणि ‘अंडर द ट्री’. एवढा फरक मुलांना लवकर साधतो. कठीण पडते ते वेगळेच. ‘सोमवारी, पाच वाजता, मे महिन्यात’ यांना इंग्रजीत ‘ऑन मंडे, ॲट फाइव्ह, इन मे’ असे तीन निराळे सोबती लागतात. उलट ‘त्याला विचारले’ यातील ‘ला’साठी इंग्रजीत काहीच लागत नाही; ‘आय आस्क्ड हिम’ एवढे पुरते. ‘तिच्याशी लग्न केले’ यातला ‘शी’ही तसाच गळतो. येथे तर्क फार चालत नाही. म्हणून शब्द सुटा पाठ करू नये, सोबत्यासकट पाठ करावा. ‘आस्क’ म्हणजे विचारणे असे वहीत न लिहिता ‘आस्क हिम’ असे लिहावे.

व्याकरण येथवर पुरे. आता वाचनाकडे वळू, आणि त्या मुलाला अडवणाऱ्या वाक्याकडेही. मराठीत विशेषणाचा सगळा लवाजमा बहुधा नामाच्या पुढे चालतो: ‘पृथ्वी चंद्रावर लावते ते बल’. बलाचे सगळे वर्णन आधी, बल मागाहून. इंग्रजीत नाम आधी येते आणि लांब वर्णन त्याच्या मागून. ‘द फोर्स’ म्हणून झाले की ‘कोणते बल?’ याचे उत्तर देण्यासाठी ‘दॅट द अर्थ एक्झर्ट्स ऑन द मून’ ही उपवाक्याची शेपटी जोडली जाते, आणि मुख्य क्रियापद ‘कीप्स’ पार पलीकडे जाऊन पडते. वाचणाऱ्याला ‘मून’ आणि ‘कीप्स’ शेजारी दिसतात, आणि शेजारी बसलेले नातलगच असतील अशी त्याची समजूत होते. त्या मुलाचे नेमके असेच झाले होते.

यावर एक साधा उपाय आम्ही त्याला सांगितला. लांब वाक्य आले की प्रथम त्यातील सारी क्रियापदे शोधून खाली रेघ ओढावी. येथे दोन आहेत: ‘एक्झर्ट्स’ आणि ‘कीप्स’. मग ‘दॅट’, ‘हू’, ‘विच’ असले शब्द शोधावेत. तेथून उपवाक्य सुरू होते. ते कोठे संपते ते पाहून त्याला पेन्सिलीने कंस करावा आणि क्षणभर झाकावे. खाली काय उरले? ‘द फोर्स कीप्स इट इन इट्स ऑर्बिट’: बल त्याला त्याच्या कक्षेत ठेवते. आता कंस उघडावा: कोणते बल? पृथ्वी चंद्रावर लावते ते. ‘त्याला’ म्हणजे कोणाला? चंद्राला. वाक्य सुटले! हे करताना आम्ही त्या मुलाकडे पाहत होतो. त्याने आपली समासातली टिपणे खोडली, पान उलटले आणि पुढच्या वाक्याला आपण होऊन कंस केला.

वाचनाविषयी आणखी दोन सूचना. एक उतारा तीन वेळा वाचावा. पहिल्यांदा न थांबता, हे कशाविषयी आहे एवढेच पाहत. दुसऱ्यांदा वाक्यागणिक, वर सांगितल्याप्रमाणे. तिसऱ्यांदा मोठ्याने, म्हणजे वाक्याची चाल कानात बसते. आणि अडलेल्या प्रत्येक शब्दापाशी शब्दकोश उघडू नये. मागच्यापुढच्या वाक्यांवरून अर्थ अजमावावा, त्याखाली खूण करावी आणि उतारा संपल्यावर कोश पाहून आपला अंदाज पडताळावा. जो अर्थ आपण अजमावला आणि खरा ठरला तो सहसा विसरत नाही.

राहिले लेखन. परिच्छेद म्हणजे एक विचार. त्याची गोष्ट पहिल्या वाक्यात सांगावी, मधल्या वाक्यांत ती दाखवावी, आणि शेवटच्या वाक्याने ती हातात ठेवावी. त्या मुलाला आम्ही आपल्या गावच्या आठवडी बाजारावर लिहायला सांगितले. पहिल्या दिवशी त्याने लिहून आणले त्याचा मराठी आशय असा होता: बाजार फार उपयुक्त आहे, बाजार रविवारी असतो, मला आंबा आवडतो, माझे वडील शेतकरी आहेत, आपण बाजार स्वच्छ ठेवला पाहिजे. व्याकरणाच्या चुका थोड्या, पण पाच वाक्यांची तोंडे पाच दिशांना. मार्गदर्शकात वाचलेली वाक्ये त्याने गोळा करून आणली होती. आम्ही विचारले, ‘बाजारात तू स्वतः काय पाहिलेस? ते मराठीत सांग.’ तो बराच वेळ गप्प बसला, मग बोलू लागला. जे बोलला त्यातून एकाच विचाराची पाच वाक्ये आम्ही निवडली, आणि ती त्याने स्वतः इंग्रजीत मांडली:

‘अवर व्हिलेज हॅज अ मार्केट एव्हरी संडे. फार्मर्स कम अर्ली इन द मॉर्निंग अँड सिट अंडर द बन्यन ट्री. दे सेल ऑनियन्स, चिलीज अँड ग्रीन व्हेजिटेबल्स. बाय नून द प्राइसेस फॉल, अँड द पुअर पीपल कम टु बाय. माय मदर ऑलवेज गोज ॲट नून.’

वाचकांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा पाहावा. एकही अवघड शब्द नाही. प्रत्येक वाक्यात कर्ता आपल्या जागी आहे, ‘मदर’च्या क्रियापदाला ‘स’ लागला आहे, ‘मॉर्निंग’ला ‘इन’ आणि ‘नून’ला ‘ॲट’ असे योग्य सोबती मिळाले आहेत. सकाळपासून दुपारपर्यंत वाक्ये एकामागून एक चालतात. आणि शेवटचे वाक्य? आपली आई नेहमी दुपारीच बाजाराला जाते, एवढेच तो सांगतो. भाव उतरल्यावर कोण येते ते आधीच्या वाक्यात सांगून झालेले असल्यामुळे याहून अधिक काही सांगण्याची गरजच उरत नाही. ते वाचून आम्ही क्षणभर काही बोललो नाही.

ज्याला आपण इंग्रजीत कच्चा म्हणत होतो त्याच्यापाशी सांगण्यासारखे एवढे होते. आमच्या सगळ्या सांगण्याचे सार हेच की विचार आपल्या भाषेत स्वच्छ झाला पाहिजे. मग इंग्रजी वाक्याची घडण ओळखून तो तिच्यात मांडता येतो. थोरांनीही हेच केले. बाळशास्त्री जांभेकरांच्या १८३२ च्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. १८८१ साली ‘केसरी’ मराठीत निघाला आणि ‘मराठा’ इंग्रजीत, आणि दोहोंमागील मंडळी एकच होती. डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनी १९२० साली ‘मूकनायक’ मराठीत काढले आणि १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ लंडनमध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. यांपैकी कोणालाही एक भाषा घेण्यासाठी दुसरी टाकावी लागली नाही.

म्हणून आमची शिक्षकांना आणि पालकांना विनंती आहे की मुलाचे इंग्रजी अडले की त्याच्या बुद्धीवर ठपका ठेवू नये. ते कोठे अडले ते वाक्यात बोट ठेवून पाहावे. आणि विद्यार्थ्यांना सांगणे एवढेच: रोज एक उतारा कंस करून वाचा आणि रोज पाच वाक्यांचा एक परिच्छेद लिहा, तोही स्वतः पाहिलेल्या गोष्टीवर. सुट्टीचे दोन महिने यासाठी थोडे नाहीत.

त्या विद्यार्थ्याचा अर्ज आम्ही अखेर लिहून दिला नाही. त्यानेही पुन्हा मागितला नाही. विज्ञान शाखेच्या अकरावीची परीक्षा त्याने दिली आहे. निकाल अद्याप लागायचा आहे, आणि तो काय लागेल हे आम्ही सांगू शकत नाही. परंतु मध्यंतरी त्याचे पदार्थविज्ञानाचे पुस्तक आमच्या पाहण्यात आले. समासातले शब्दार्थ विरळ होत गेले होते, आणि पानापानावर पेन्सिलीचे कंस होते.